उंबर फोडून केंबरे

उंबराविषयी दोन गोष्टी आपल्याकडे शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही ठाऊक असतात. पहिली, उंबराला फूल येत नाही. फार दिवसांनी दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्याला ‘अगदी उंबराचं फूल झालात’ असे आपण म्हणतो, ते यावरूनच. दुसरी, पिकलेले उंबर फोडले की आतून बारीक किडे निघतात. या किड्यांना मराठीत स्वतंत्र नाव आहे, केंबरे. झाकलेले प्रकरण उगाच उकरून काढणाऱ्याला ‘उंबर फोडून केंबरं काढू नकोस’ असे जुनी माणसे सांगत. माझी आजी हे वाक्य मला उद्देशून वारंवार म्हणायची. आमच्या विहिरीवरच्या उंबराची फळे हातात देताना त्याचा शब्दशः अर्थही सांगायची: खायचं तर न बघता खावं.

फूल नाही आणि किडे आहेत. ही दोन वाक्ये आपल्या भाषेत आणि त्याआधी संस्कृतात शेजारी शेजारी राहत आली आहेत. त्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल काय, हा प्रश्न मात्र फार उशिरा विचारला गेला. त्याचे उत्तर शोधताना फुलझाडांच्या उत्क्रांतीतले एक मोठे प्रकरण उलगडले. त्या प्रश्नाचा प्रवास मला जसा समजला तसा येथे मांडतो. वनस्पतिशास्त्राचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. एक भिंग, एक दाढीचे पाते आणि मिळतील ती पुस्तके एवढेच माझे भांडवल.

अपुष्प आणि जंतुफल

आधी आपल्या परंपरेत काय आहे ते पाहू. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात झाडांची वर्गवारी येते. ज्यांना फूल न येता फळ येते त्यांना तेथे ‘वनस्पती’ म्हटले आहे. वड, पिंपळ, उंबर ही मंडळी त्या वर्गातली. आज आपण हा शब्द सरसकट सगळ्या झाडाझुडपांना वापरतो, पण मुळात तो या बिनफुलांच्या झाडांचा होता. पाली भाषेतल्या सुत्तनिपातात निष्फळ शोधासाठी उंबराच्या झाडावर फूल शोधण्याचीच उपमा वापरली आहे.

दुसरीकडे अमरकोशात उदुंबराच्या पर्यायांमध्ये ‘जंतुफल’ हे नाव सापडते. ज्याच्या फळात जंतू असतात ते झाड. भागवताच्या दशम स्कंधात अक्रूर कृष्णाची स्तुती करतो, तेव्हा परमेश्वरात वावरणाऱ्या असंख्य जगांना तो उंबरातल्या चिलटांची उपमा देतो. आपल्या फळाबाहेर काही आहे याची त्या चिलटांना गंधवार्ता नसते, अशी ती कल्पना.

म्हणजे निरीक्षण पक्के होते. फूल दिसत नाही हेही पाहिले होते आणि आत जीव आहेत हेही पाहिले होते. त्यातून उपमा निघाली, अध्यात्म निघाले, म्हण निघाली. फक्त हे किडे तेथे काय करतात, एवढे विचारायचे राहिले.

फळ फोडल्यावर

कोवळे, हिरवे, सुपारीएवढेही न झालेले उंबर उभे कापून भिंगाखाली धरा. आत पोकळी दिसेल आणि तिच्या भिंतीवर दाटीवाटीने लागलेले शेकडो बारीक तंतू दिसतील. हीच उंबराची फुले. उंबर हे मुळात एक फळ नव्हेच. सूर्यफुलाची तबकडी कडेने वर वळवून तिचे तोंड आवळून टाकावे, तशी ती आत मिटलेल्या फुलांची थैली आहे. देठाच्या विरुद्ध टोकाला एक बारीक छिद्र असते. खवल्यांनी झाकलेले हे छिद्र म्हणजे या घराचा एकमेव दरवाजा.

आतल्या मादीफुलांची कुक्षी परागांसाठी तयार झाली की थैलीतून विशिष्ट वास सुटतो. त्या वासाच्या मागावर केंबराची मादी येते. ती माशी किंवा चिलट नव्हे, गांधीलमाशीच्या गणातली आहे. लांबी दोन-तीन मिलिमीटर. ती त्या छिद्रातून आत घुसते. वाट इतकी अरुंद असते की तिचे पंख तेथेच तुटून पडतात. पहिल्यांदा भिंगातून त्या छिद्राच्या तोंडाशी अडकलेले पारदर्शक पंख मी पाहिले, तेव्हा बराच वेळ काही सुचले नाही. आत गेलेली मादी परत येत नाही. ती काही फुलांच्या बीजांडात अंडी घालते, बाकीच्या फुलांना पराग देते आणि तेथेच मरते.

काही आठवड्यांनी त्या अंड्यांतून वाढलेले नर आधी बाहेर पडतात. त्यांना पंख नसतात. ते माद्यांशी त्यांच्या कोशांतच संग करतात, थैलीच्या भिंतीला बोगदा पाडतात आणि मरतात. त्यांनी सूर्य पाहिला तर तेवढा क्षणभरच. त्याच सुमारास थैलीतली नरफुले पिकतात. माद्या त्यांचे पराग घेतात, बोगद्यातून उडतात आणि दुसऱ्या झाडावरचे कोवळे उंबर शोधायला निघतात. त्यासाठी त्यांच्या हातात फार तर एक-दोन दिवस असतात. त्या गेल्यावर उंबर लाल, मऊ, गोड होते आणि मग पाखरे, वटवाघळे, माकडे आणि आपण त्यावर तुटून पडतो.

फूल का दिसत नाही याचे उत्तर केंबरात आहे. उंबराने आपले फूल सगळ्या जगासाठी बंद करून एका कीटकासाठी उघडे ठेवले आहे.

पाहिले खरे, पण

हा संबंध असावा अशी शंका पहिल्यांदा ग्रीस आणि आशिया मायनरच्या शेतकऱ्यांना आली. उंबराचा भाऊबंद असलेले अंजीर हे त्यांचे पीक. रानअंजिराची फळे दोऱ्यात ओवून ती लागवडीच्या अंजिराच्या फांद्यांवर टांगायची, म्हणजे अंजीर गळत नाही, ही त्यांची रीत. ॲरिस्टॉटलने ती नोंदवली. रानअंजिरातून कीटक निघून लागवडीच्या अंजिरात शिरतात, हेही त्याने लिहिले. त्याचा शिष्य थिओफ्रास्टस आणखी पुढे गेला. कीटक बाहेर पडल्यावर रानअंजिरात बिया उरत नाहीत, म्हणून ते बियांपासूनच जन्मत असावेत, असा त्याचा तर्क. हा तर्क चुकीचा असला तरी सत्याला खेटून गेलेला आहे. बीजांडाच्या जागीच अळी वाढते, हे आज आपण जाणतो. या कीटकांचा एखादा पाय किंवा पंख मागे राहतो, हेही त्याने टिपून ठेवले आहे. ते वाचले तेव्हा उंबराच्या तोंडाशी अडकलेले ते पंख मला आठवले. तेवीसशे वर्षांपूर्वीचा एक माणूस त्याच दारात उभा राहून डोकावत होता.

तरी कोडे सुटले नाही, कारण झाडांना नर-मादी असतात आणि पराग हे नरतत्त्व आहे ही किल्लीच तेव्हा कोणाकडे नव्हती. ती जर्मनीतल्या रूडॉल्फ कामेरारियसने १६९४ साली प्रयोगांनी हाती दिली. फुलांचे रंग, रेषा आणि मध हे कीटकांसाठी आहेत, हे सांगणारे पुस्तक ख्रिस्टियन श्प्रेंगेल या शिक्षकाने १७९३ साली छापले. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे डार्विनने ते वाचले आणि त्याचे मोल ओळखले. १८६२ साली मादागास्करच्या एका ऑर्किडची फूटभर लांब मधुनलिका पाहून, तेवढ्याच लांब सोंडेचा पतंग तेथे असला पाहिजे, असे भाकीत डार्विनने केले. १९०३ साली तसा पतंग वर्णिला गेला. कीटक फुलाला घडवतो आणि फूल कीटकाला, हा विचार तोवर विद्वानांच्या अंगवळणी पडत होता.

अंजिराच्या बाबतीत मात्र हेच विद्वान अडखळले. १८४५ साली नेपल्सच्या गास्पारिनीने असा निवाडा दिला की अंजीर आणि रानअंजीर हे दोन वेगळे वंश आहेत आणि फळे टांगण्याची शेतकऱ्यांची रीत निरुपयोगी आहे. या गैरसमजाला एक खरे कारण होते. अंजिराच्या पुष्कळ जाती परागांशिवायच फळतात. आपल्याकडचे पुरंदरचे अंजीर याच प्रकारचे, त्यामुळे त्यात केंबरे नसतात. अशा जातींवर प्रयोग केला तर शेतकरी खुळा ठरणारच. १८८२ साली ब्राझीलमध्ये राहणाऱ्या फ्रिट्झ म्यूलरने सुचवले की रानअंजीर आणि अंजीर ही एकाच प्रजातीची नर आणि मादी झाडे आहेत. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ झोल्म्स-लाउबाख यांचे मत आधी निराळे होते. पुढे जावा बेटावरच्या उंबरवर्गीय झाडांचा अभ्यास करून परतल्यावर त्यांनी म्यूलरचे म्हणणे मान्य केले.

स्मिर्ना ते कॅलिफोर्निया

याच सुमारास अमेरिकेत एक महागडा धडा चालू होता. तुर्कस्तानातल्या स्मिर्नाचे, म्हणजे आजच्या इझमीरचे, सुके अंजीर जगप्रसिद्ध होते. १८८० नंतर सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वृत्तपत्राच्या पुढाकाराने तेथून अंजिराची हजारो छाटकलमे कॅलिफोर्नियात आणली गेली. झाडे जोमाने वाढली, फळे धरली आणि गोटीएवढी होऊन गळून पडली. दरवर्षी हेच. स्मिर्नाच्या व्यापाऱ्यांनी वांझ कलमे देऊन फसवले, असा संशय अनेकांनी घेतला. तेथले शेतकरी रानअंजीर टांगतात, ते उगाच टांगत नसतील, असे काहींनी सांगून पाहिले. पण बहुतेकांच्या लेखी ती आशियातल्या अडाण्यांची अंधश्रद्धा होती.

फ्रेस्नोच्या जॉर्ज रोडिंगने १८९० साली रानअंजिराचे पराग बारीक काडीने स्मिर्ना अंजिराच्या तोंडातून आत घातले. ती फळे टिकली आणि पिकली. आता कीटक आणणे भाग होते. अनेक खटपटी फसल्यावर १८९९ साली अमेरिकी कृषी खात्याच्या वॉल्टर स्विंगलने अल्जीरियातून पाठवलेली रानअंजिरे रोडिंगच्या बागेत पोहोचली. त्यांतल्या माद्या तेथल्या रानअंजिरांत शिरल्या आणि त्यांची वस्ती झाली. मग स्मिर्नाचे अंजीर कॅलिफोर्नियात पिकले. त्याला त्यांनी ‘कॅलिमिर्ना’ असे दोन्ही गावांना जोडणारे नाव दिले.

स्मिर्नाच्या शेतकऱ्याला पराग म्हणजे काय हे सांगता आले नसते. गास्पारिनीला पराग म्हणजे काय हे पक्के ठाऊक होते. तरी अंजिराच्या बाबतीत बरोबर कोण होते, हे त्या गळलेल्या फळांनी सांगितले.

कलकत्त्याची बाग

आपल्या देशातही याच दशकात उंबर फुटले. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक जॉर्ज किंग यांनी १८८७-८८ मध्ये भारत, मलाया आणि चीनमधल्या फायकस वंशाचा, म्हणजे वड-पिंपळ-उंबराच्या कुळीचा, मोठा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. या थैल्यांत नर आणि मादी फुलांखेरीज तिसऱ्या प्रकारचीही फुले असतात आणि ती कीटकांची अळी वाढवण्याच्या कामी येतात, हे त्यांनी प्रजातीमागून प्रजातीत दाखवले. त्यांना ‘गाठफुले’ म्हणता येईल. पुढच्याच वर्षी तेथल्याच डी. डी. कनिंगहॅम या लष्करी डॉक्टरांनी मोठ्या पानांच्या एका उंबरवर्गीय झाडावर निबंध लिहिला. हे गृहस्थ एरवी कॉलऱ्यावर संशोधन करणारे. कीटक आत शिरल्याशिवाय त्या झाडाचे फळ वाढत नाही, हे त्यांनी स्पष्ट मांडले. पण बी धरते ते परागांमुळे नव्हे, कीटकांच्या टोचण्याने चेव येऊन, असा निष्कर्ष त्यांनी काढला. इतक्या जवळ जाऊनही दार चुकले. मला ही चूक फार शिकवून गेली. भिंगाखाली जे दिसते ते खरे असते, त्याचा अर्थ मात्र आपण लावलेला असतो.

शेवटची कडी १९६९ साली जुळली. कोस्टा रिकाचे विल्यम रामिरेझ आणि इस्राएलचे गालील व आयसिकोविच यांनी त्याच वर्षी, स्वतंत्रपणे, मादीच्या छातीवर परागांचे खिसे असतात हे दाखवून दिले. अंजिराच्या केंबराच्या अंगाला पराग आपोआप चिकटतात. उंबराचे केंबर तसे नाही. ते नरफुलांतून पराग गोळा करून खिशात भरते, नव्या उंबरात गेल्यावर पुढच्या पायांनी ते बाहेर काढते आणि कुक्षीवर ठेवते. फुलावर बसता-बसता नकळत होणारे हे काम नव्हे, ही पेरणी आहे. बी धरले नाही तर झाड फळ टिकवणार नाही आणि फळ गळले तर आतली पिल्ले मरतील, असा हा व्यवहार.

एका जोडीतून शेकडो

आता मूळ मुद्द्याकडे येतो. फायकस वंशात आज साडेसातशेच्या आसपास प्रजाती मोजल्या जातात. एकाच वंशात एवढी विविधता झाडांच्या जगात थोड्या ठिकाणीच दिसते. केंबरांशी असलेले नाते हे तिचे एक मोठे कारण मानले जाते.

त्याची रीत अशी. प्रत्येक प्रजातीचा वास निराळा, दरवाजाचे खवले निराळे, आतल्या फुलांच्या दांड्यांची लांबी निराळी. प्रत्येक केंबराची नाकाची पारख निराळी, डोक्याचा आकार निराळा, अंडी घालण्याच्या नळीची लांबी निराळी. वडाच्या केंबराला उंबराचे दार उघडत नाही. त्यामुळे एकाच रानात, एकाच वेळी, शेजारी उभी असलेली वड, पिंपळ, पायर, उंबर ही झाडे एकमेकांचे पराग सहसा घेत नाहीत. समजा, एखाद्या झाडाची वस्ती डोंगराने किंवा समुद्राने दुभंगली आणि दोन्हीकडे वास जरा-जरा बदलत गेला. तर दोन्हीकडची केंबरेही त्या वासामागे बदलत जातात आणि पुढे ती झाडे पुन्हा शेजारी आली तरी त्यांची सोयरीक जुळत नाही. मधमाशी दहा झाडांवर बसते, त्यामुळे ती झाडांना जोडत जाते. केंबर एकाच दाराशी जाते, त्यामुळे ते झाडांना वेगळे करत जाते. परागवाहकाची निष्ठा ही अशी नव्या प्रजातींची जननी ठरते.

ही जोडी एकास एक असते असे पूर्वी ठामपणे म्हणत. २००३ साली पनामातल्या जनुकीय अभ्यासाने त्याला धक्का दिला. एकसारखी दिसणारी केंबरे तपासली तर एकाच झाडावर दोन वेगळ्या प्रजाती नांदताना आढळल्या. फसवणूकही आहे. उंबराचा आफ्रिकी भाऊ जो सिकामोर, त्यावर एक केंबर असे आहे की ते आत शिरून अंडी घालते आणि पराग देत नाही. झाडेही भोळी नाहीत. पराग न मिळालेल्या फळांना अनेक प्रजाती सरळ गाळून टाकतात, हे पनामातल्याच झाडांवर २०१० साली प्रयोगाने दाखवण्यात आले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेनी बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच उंबरावर दीर्घकाळ काम केले आहे. थैलीच्या बाहेरून लांब नळी खुपसून अंडी घालणाऱ्या परोपजीवी जाती, त्यांना पिटाळणारे मुंगळे आणि दिवसरात्र बदलणारे वास, असा सगळा बाजार त्यांनी त्या एका झाडावर उलगडून दाखवला.

हा करार किती जुना? इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावर १९२०च्या दशकात सापडलेला एक जीवाश्म मुंगी म्हणून नोंदला गेला होता. २०१० साली तो फेरतपासला, तेव्हा ते केंबर निघाले. वय सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षे, आणि छातीवर परागांचे खिसे आजच्यासारखेच. जनुकीय अंदाज आणखी मागे, साडेसात कोटी वर्षांच्या आसपास जातो. सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या लाव्ह्याचा बनला, तो ओतला गेला सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. हा अंदाज खरा असेल तर ज्या खडकावर आपली उंबरे उभी आहेत त्याहून त्यांचा करार जुना आहे.

केंबराविना उंबर

करार मोडला तर काय होते याचे उदाहरण इजिप्तमध्ये आहे. सिकामोर हे प्राचीन इजिप्शियनांचे पवित्र आणि रोजच्या खाण्यातले झाड. पण त्याचे पराग वाहणारे केंबर इजिप्तमध्ये नाही. तेथे त्या फळांत दुसराच एक कीटक वाढतो, तो पराग वाहत नाही. त्यामुळे तेथे सिकामोरला बी धरत नाही. हजारो वर्षे ते झाड माणसाने फाटा लावला तरच पुढे चालत आले आहे. फळ पिकवण्यासाठीही त्याला माणूस लागे. लोखंडी नखाने फळ ओरखडले की ते चार दिवसांत पिकते, असे थिओफ्रास्टसने लिहून ठेवले आहे. गालील यांनी १९६८ साली या जुन्या रीतीचा सविस्तर अभ्यास मांडला. झाड जिवंत आहे, फळे देते, पूजा घेते. पण स्वतःच्या बळावर त्याला पुढची पिढी नाही.

आपल्या उंबराची अवस्था तशी नाही आणि लगेच होईल असेही मी म्हणत नाही. नामिबियातल्या एका नदीकाठच्या अभ्यासात केंबरांनी १६० किलोमीटरपर्यंत पराग नेल्याचे २००९ साली आढळले आहे. तो इवलासा जीव वाऱ्यावर स्वार होऊन एवढी मजल मारू शकतो. पण त्याच्या आयुष्याचे गणित विसरता येत नाही. एका उंबरावरच्या थैल्या साधारण एकदम तयार होतात, त्यामुळे उडालेल्या मादीला आपल्या झाडाचा उपयोग नसतो. तिला एक-दोन दिवसांत दुसरे झाड गाठायचे असते आणि तेही नेमके त्या घडीला कोवळी उंबरे धरलेले. म्हणून एका उंबराला केंबरे पुरवायला परिसरात पुष्कळ उंबरे लागतात, वर्षाच्या वेगवेगळ्या वेळी फळणारी.

आपल्या श्रद्धेने उंबर राखला, हे खरे. दत्ताचे झाड म्हणून पार बांधलेल्या औदुंबराला कोणी कुऱ्हाड लावत नाही. पण श्रद्धा एक झाड राखते, केंबराला अनेक लागतात. आमच्या शिवारातली ओढ्याकाठची, बांधावरची, विहिरींवरची उंबरे पाराविनाच उभी होती. रस्ता रुंद झाला तेव्हा त्यांतली बरीचशी गेली. आजीचे विहिरीवरचे उंबरही त्यांत गेले. देवळासमोरचे तेवढे राहिले.

उरलेल्या उंबरांची मी एक वही ठेवतो. कोणते झाड कधी धरले, कधी पिकले, फोडल्यावर केंबरे होती की नव्हती. गावातली पोरे आता मला कोवळी फळे आणून देतात आणि भिंगासाठी भांडतात. त्यांतल्या एकीने परवा विचारले, “आजोबा, हे किडे नसते तर?” आजीने मला कधी विचारू न दिलेला प्रश्न तो हाच. मी तिच्या हातात पाते दिले आणि म्हटले, “फोड. बघून सांग.”